‘रोग कसा होतो?’ असे विचारणाऱ्यांचा संघ

आमच्या नातेपुत्याच्या आसपास उसाचे मळे आहेत आणि मळ्यातल्या विहिरीवर विजेची मोटर आहे. मोटर जळाली की शेतकरी ती काढून कारागिराकडे नेतो, भरून आणतो आणि पुन्हा बसवतो. महिन्याभरात ती पुन्हा जळते. शेतकरी कारागिराला दोष देतो, कारागीर तारेला दोष देतो. खरा दोष पुष्कळदा तिसरीकडेच असतो. विजेचा दाब कमी पडला की तेवढेच पाणी उपसण्यासाठी मोटर जास्त प्रवाह ओढते आणि तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हे एकट्या शेतकऱ्याच्या ध्यानात येणे अवघड. पण एकाच डीपीवरचे दहा शेतकरी पारावर बसले आणि ‘तुझी केव्हा जळाली? दिवसा की रात्री?’ असे एकमेकांना विचारू लागले, तर खोट मोटरीत नसून डीपीवरच्या भारात आहे हे संध्याकाळपर्यंत उघड होते.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या शरीराच्या रोगांचेही असेच आहे. रोगी बरा करणे हे मोटर भरून देण्यासारखे काम आहे. ते अत्यंत गरजेचे आहे आणि ते करणाऱ्या डॉक्टरांचे आपल्यावर मोठे उपकार आहेत. पण ‘मुळात हा रोग होतो कसा?’ हा प्रश्न निराळा आहे. तो विचारणाऱ्या शास्त्राला विकृतिशास्त्र म्हणतात. त्याचे इंग्रजी नाव तुम्ही रोज वाचता. तालुक्याच्या गावातसुद्धा दर चार दुकानांआड ‘पॅथॉलॉजी लॅब’ अशी पाटी असते. त्यामुळे पॅथॉलॉजी म्हणजे रक्त-लघवीची तपासणी, असा आपला समज झाला आहे. तपासणी हा या शास्त्राचा एक हात झाला. दुसरा हात आहे रोगाची यंत्रणा उलगडण्याचा: कोणत्या पेशीत, कोणत्या क्षणी, काय बिघडले की निरोगी माणूस रोगी होतो, हे शोधण्याचा.

हे काम करणाऱ्या शास्त्रज्ञांचे देशोदेशी संघ आहेत. लंडनमध्ये असा एक संघ १८४६ सालीच निघाला होता. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी असे दोन संघ स्थापन झाले. १९७६ मध्ये ते एकत्र आले, आणि १९९२ पासून त्या एकत्रित संघाचे नाव ‘अमेरिकन सोसायटी फॉर इन्व्हेस्टिगेटिव्ह पॅथॉलॉजी’, म्हणजे रोगांची यंत्रणा शोधणाऱ्यांचा संघ, असे आहे. आपल्या देशात ‘इंडियन असोसिएशन ऑफ पॅथॉलॉजिस्ट्स अँड मायक्रोबायोलॉजिस्ट्स’ हा संघ आहे. हे संघ काय करतात, त्यांची आपल्याला गरज काय, आणि त्यांनी कसे असावे, याविषयी मला आज काही सांगायचे आहे. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्याने या विषयात का पडावे, असे तुम्ही विचाराल. कारण सोपे आहे. ‘यंत्रणा’ हा आमचाच शब्द आहे!

पटकीचे कोडे

नातेपुते हे माउलींच्या पालखीच्या मुक्कामाचे गाव. आषाढीच्या आधी या वाटेने लाखो वारकरी पंढरपूरला जातात. एकोणिसाव्या शतकात याच गर्दीबरोबर पटकी, म्हणजे कॉलरा, येत असे. वाटेवरच्या गावांना तिची मोठी धास्ती असे. साथ आली की लोक मरीआईचा गाडा ओढून शिवेबाहेर नेऊन सोडत. रोग कसा होतो हेच ठाऊक नसेल, तर माणूस दुसरे काय करणार?

१८८४ साली जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख याने कलकत्त्यात पटकीच्या जंतूंचा छडा लावला. जंतू सापडले, म्हणजे कोडे सुटले का? नाही. हे जंतू आतड्यात राहतात, रक्तात शिरत नाहीत. मग काही तासांत धडधाकट माणसाच्या शरीरातले पाणी संपते कसे? जंतू एखादे विष सोडत असावेत, असा कॉखचा तर्क होता. पुढची ७५ वर्षे ते विष कोणाच्या हाती लागले नाही. संशोधक प्राण्यांना जंतू टोचत होते, पण पटकीसारखे काही घडत नव्हते.

हे कोडे सोडवले कलकत्त्याच्याच एका विकृतितज्ज्ञाने. त्यांचे नाव डॉ. शंभुनाथ दे. त्यांनी विचार केला, की रोग आतड्यात होतो तर प्रयोगही आतड्यातच केला पाहिजे. त्यांनी सशाच्या लहान आतड्याचा एक तुकडा जागच्या जागी दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधला आणि त्या पोकळीत जंतू सोडले. दुसऱ्या दिवशी तो तुकडा पाण्याने टम्म फुगलेला होता. ही पद्धत त्यांनी १९५३ साली प्रसिद्ध केली. मग त्यांनी जंतू ज्या द्रवात वाढवले होते तो द्रव गाळून घेतला. गाळलेल्या द्रवात एकही जंतू नव्हता, तरीही आतडे तसेच फुगले. म्हणजे पाणी ओढून काढण्याचे काम जंतू नव्हे, तर त्याने सोडलेले विष करते. हा शोध १९५९ साली ‘नेचर’ या नियतकालिकात छापून आला.

पुढे या विषाची करणी पूर्ण उलगडली. आतड्याच्या अस्तरातील पेशींना क्षार बाहेर सोडणाऱ्या झडपा असतात. हे विष त्या झडपा उघड्याच ठेवते. क्षार बाहेर पडतात आणि परासरणाने पाणी त्यांच्यामागे धावते. तीव्र पटकीत तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. पण त्याच पेशींत दुसरे एक दार असते. त्यातून साखर आणि मीठ जोडीने आत घेतले जाते, आणि या दाराला पटकीचे विष धक्का लावत नाही. मग साखर-मिठाचे पाणी योग्य प्रमाणात पाजले तर? पाणी त्या शाबूत दाराने आत जाईल! १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बंगालमधील बनगाव येथे, डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच केले. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले होते. त्यांनी साखर-मिठाचे पाणी पिंपात भरून पाजायला लावले आणि मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्याही खाली आणले. आज आरोग्य केंद्रात मिळणारे ओआरएसचे पाकीट ते हेच. स्वस्तातले स्वस्त औषध, पण त्याच्यामागे यंत्रणेचे पक्के ज्ञान आहे.

आता या कथेची दुसरी बाजू ऐका. डॉ. दे यांच्या कामाचे महत्त्व ओळखायला आपल्या विज्ञानविश्वाला फार उशीर झाला. १९७८ मध्ये नोबेल प्रतिष्ठानने पटकीवर स्टॉकहोमला परिसंवाद भरवला, तेव्हा त्यांना सन्मानाने बोलावणे आले. पण ते १९८५ साली वारले तोवर देशातील एकाही विज्ञान अकादमीने त्यांना आपले सदस्य करून घेतले नव्हते. ज्यांनी आधी दखल घ्यायची, ते गप्प राहिले. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो आहे; तिचे कारण पुढे येईल.

मुंबईतील उलगडा

आपल्या महाराष्ट्रात या शास्त्राची घडी बसवणारे म्हणून डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव घेतले जाते. १८९५ साली जन्मलेल्या खानोलकरांनी १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम. डी. पदवी घेतली. मग ते मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात प्राध्यापक झाले, आणि पुढे टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे प्रमुख. त्यांची नजर पाहा. १९४५ साली त्यांनी सूर्याबाई या सहकारी संशोधिकेबरोबर एक निबंध प्रसिद्ध केला. आपल्या लोकांच्या सवयींतून उद्भवणारे कर्करोगाचे तीन नवे प्रकार त्यात वर्णन केले होते. कमरेला घट्ट कसलेले धोतर वर्षानुवर्षे एकाच जागी घासल्याने होणारा कातडीचा कर्करोग हा त्यांतला एक. चुना-तंबाखूची खैनी खालच्या ओठात धरून ठेवल्याने होणारा ओठाचा कर्करोग हा दुसरा. परदेशी पाठ्यपुस्तकात धोतर कुठून असणार? ते आपल्याच माणसाने पाहायला हवे होते.

पण एकट्याने पाहून भागत नाही, हेही खानोलकरांनी ओळखले होते. विकृतितज्ज्ञांचा जो अखिल भारतीय संघ मी वर सांगितला, त्याचे ते संस्थापक अध्यक्ष. आज या संघाचे दरवर्षी अधिवेशन भरते, त्याचे स्वतःचे नियतकालिक निघते आणि राज्याराज्यांत त्याच्या शाखा आहेत. अधिवेशनांत काय चालते? भाषणे होतात, निबंध वाचले जातात. पण मला सर्वांत मोलाची वाटते ती काचपट्ट्यांची बैठक. एखाद्याने रोगट पेशीजालाचा पातळ काप काचपट्टीवर घेतलेला असतो. तोच काप इतर सारे पाहतात आणि प्रत्येक जण आपले निदान सांगतो. मोठा प्राध्यापक चुकू शकतो, कालचा विद्यार्थी बरोबर ठरू शकतो. सूक्ष्मदर्शकाला हुद्दा कळत नाही!

आपले निरीक्षण दुसऱ्यासमोर ठेवण्याने काय साधते, याचे उत्तम उदाहरण मुंबईचेच आहे. तुम्हाला ए, बी, एबी आणि ओ हे चार रक्तगट ठाऊक आहेत. ओ गटाचे रक्त कोणालाही चालते, असेही तुम्ही वाचले असेल. १९५० नंतरच्या काळात सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज व के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. य. मो. भेंडे, डॉ. देशपांडे आणि डॉ. भाटिया यांना काही विचित्र नमुने आढळले. तपासणीत रक्त ओ गटाचे दिसे. पण त्या माणसांचा रक्तद्रव इतरांच्या ओ गटाच्या रक्तपेशींनाही गोठळून टाकी. म्हणजे ओ रक्त चढवले तर रोगी दगावण्याचा धोका!

‘तपासणीत काही तरी घोटाळा झाला’ असे म्हणून बाटली ओतून देता आली असती. या मंडळींनी तसे केले नाही. रक्तगटांवर काम करणाऱ्या लंडनच्या तज्ज्ञांबरोबर त्यांनी हे नमुने पारखून घेतले. १९५२ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात जो छोटा निबंध आला, त्यावर सात जणांची नावे आहेत: तीन मुंबईची, चार लंडनची. नंतरच्या संशोधनातून त्यामागची यंत्रणा कळली. तांबड्या पेशींवर ‘एच’ नावाचा एक पाया असतो. त्यावर ए किंवा बी चे घर बांधले जाते. ओ गटात नुसता पाया असतो, घर नसते. या निराळ्या लोकांत पायाच नसतो. म्हणून त्यांचे शरीर ओ गटाच्या पेशींवरील पायालाही परका समजून हल्ला करते. हा रक्तगट आज जगभर ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणून ओळखला जातो. भारतात तो साधारण १०,००० माणसांत एकाचा असतो. अशा माणसाला त्याच गटाचे रक्त मिळावे लागते.

हे काम कोणत्याही संघाच्या ठरावाने झाले नाही, हे खरे. पण आपल्याला पडलेला पेच लपवून न ठेवता जाणकारांपुढे मांडायचा, ही जी सवय त्यात दिसते, तीच नीट रुजावी म्हणून संघ काढायचे असतात.

बिरवाडीचा विंचू

इथवरची सारी उदाहरणे मोठ्या शहरांतली झाली. खेड्यात काय होऊ शकते? रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडी म्हणून गाव आहे. १९७६ मध्ये तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर रुजू झाले. तिकडे तांबडा विंचू फार. आपल्या माळरानावरच्या मुलांनाही त्याची ओळख सांगायला नको. त्याच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, मरत. त्या काळात विंचू उतरवणाऱ्याकडे धाव घेतली जाई, आणि दवाखान्यातील नेहमीच्या औषधांचाही फारसा उपयोग होत नसे.

बावस्करांनी रोग्याच्या उशाशी बसून टिपणे ठेवायला सुरुवात केली. घाम केव्हा सुटतो, हातपाय गार केव्हा पडतात, नाडी कशी चालते, रक्तदाब कधी चढतो. या टिपणांतून यंत्रणा दिसू लागली. विंचवाच्या विषाने शरीरात रक्तवाहिन्या आवळणाऱ्या रसायनांचा पूर येतो, रक्तदाब भयंकर वाढतो, हृदय थकते आणि फुप्फुसात पाणी साचते. रोगी मरतो तो यामुळे. मग आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे औषध का देऊ नये? ते आधीपासून रक्तदाबासाठी वापरात होते. ते दिल्यावर गंभीर रोग्यांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून १ टक्क्याच्या आसपास आले. खेड्यातल्या डॉक्टरची ही निरीक्षणे १९८२ पासून ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली आणि जिथे जिथे असे विंचू आहेत त्या देशांत ती वाचली गेली. २०२२ साली डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

बिरवाडीत मोठी प्रयोगशाळा नव्हती. होती ती टिपणवही, रक्तदाब मोजायचे यंत्र आणि ‘कसे?’ हा प्रश्न.

संघ कसा असावा?

आता माझे मत सांगतो. शास्त्रज्ञांचे संघ म्हणजे शहरातल्या मोठ्या लोकांची संमेलने, जेवणावळी आणि एकमेकांना शाली पांघरण्याचे कार्यक्रम, अशी टीका काही लोक करतात. ही टीका साफ खोटी आहे असे मी म्हणणार नाही. डॉ. दे यांच्या बाबतीत काय घडले ते आपण पाहिलेच. पण म्हणून संघ नकोत, असे म्हणणे म्हणजे गिरणीत पीठ जाडे येते म्हणून दळणच बंद करण्यासारखे आहे. चांगला संघ ओळखायच्या माझ्या तीन कसोट्या आहेत.

पहिली कसोटी: एकाकी काम करणाऱ्याचे काम तो शोधून काढतो का? नावाजलेल्या माणसाचा सत्कार कोणीही करील. कलकत्त्याच्या कोपऱ्यात सशाच्या आतड्यावर प्रयोग करणारा माणूस हयात असताना ज्याला दिसतो, तो संघ खरा.

दुसरी कसोटी: त्याचे दार तालुक्याच्या डॉक्टरला उघडे आहे का? नवा रोग किंवा जुन्या रोगाचे नवे रूप प्रथम दिसते ते बहुधा आरोग्य केंद्रात, गुरांच्या दवाखान्यात, एखाद्या छोट्या लॅबमध्ये. तेथल्या माणसाला निबंध लिहायची सवय नसते, प्रवासाला सवड नसते. म्हणून संघाने वर्षातून एक बैठक तालुक्याच्या गावी घ्यावी आणि तिथल्या डॉक्टरांना एवढेच विचारावे: ‘या वर्षी तुम्हाला न उलगडलेले काय दिसले?’ यावर कोणी म्हणेल, अशाने कचराही फार येईल. येऊ द्या! पाखडायला सूप असतेच, आणि ते हाती धरणे हेच संघाचे काम आहे. पण धान्य आधी खळ्यावर तर आले पाहिजे.

तिसरी कसोटी: जे कळले ते लोकांच्या भाषेत सांगितले जाते का? साखर-मिठाच्या पाण्याने प्राण वाचतात हे ज्ञान आईला ठाऊक नसेल, तर ते नियतकालिकाच्या पानांत असून नसल्यासारखे. प्रत्येक अधिवेशनानंतर त्यातील चार गोष्टी मराठीत, शाळेतल्या मुलाला समजतील अशा शब्दांत छापल्या, तर त्याला फार खर्च येणार नाही.

आणखी एक गोष्ट. या संघांत केवळ डॉक्टर असून चालणार नाही. पटकीचे कोडे सोडवायला क्षार, परासरण आणि पेशीच्या झडपा कळाव्या लागल्या. रक्तगटाचा पाया समजायला रसायनशास्त्र लागले. जी माणसे उद्या रोगांची यंत्रणा उलगडतील, त्यांतली कित्येक आज तुमच्यासारखी भिंगे, विद्युत्‌मंडले आणि समीकरणे शिकत असतील. ‘मला जीवशास्त्र आवडत नाही, म्हणून माझा रोगांशी संबंध नाही,’ असे कोणी समजू नये.

तुमच्या वर्गात हे आजही सुरू करता येईल. दर आठवड्याला एक तास राखून ठेवा. प्रत्येकाने आपण स्वतः पाहिलेली एक न कळलेली गोष्ट लिहून आणावी: गोठ्यातल्या गाईचे, परसातल्या पपईच्या पानांचे, विहिरीच्या पाण्याचे, काहीही. पाहिल्याची तारीख आणि वेळ लिहावी. मग इतरांनी त्यावर शंका घ्याव्यात. शंका घेतली म्हणून रुसायचे नाही, आणि शंका घेताना हसायचेही नाही. नियम एवढे दोनच. मात्र विंचू किंवा साप चावला, जुलाबाने कोणी गळून गेले, तर निरीक्षण करत बसू नका. रोग्याला ताबडतोब दवाखान्यात न्या. वही नंतर उघडता येते.